कारागिरावांचून घडणारा गाभा

रोह्याजवळील धाटावच्या कारखान्यांत एखादें रसायन सिद्ध करावयाचें म्हणजे माप, उष्णता आणि माणसाची देखरेख हीं आलींच. विषाणूचें कवच मात्र कारागिरावांचून घडतें. १९५५ सालीं अमेरिकेंत फ्रेंकेल-कॉनरट व विल्यम्स यांनीं तंबाखूच्या रोपांस रोग जडविणाऱ्या विषाणूचे घटक सुटे करून पुनः एकत्र केले, तों रोगकारक विषाणू आपोआप उभे राहिले! पुढें याच जातीच्या ज्ञानावर असंख्य माणसांचे प्राण अवलंबून राहावयाचे होते.

१९८३ सालीं पॅरिस येथें एड्सचा विषाणू सांपडला. तो आपल्या देशांतहि शिरला आहे, हें १९८६ सालीं मद्रासेंत डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनीं प्रथम दाखविलें. सॉलोमनबाई मराठी घराण्यांतील, माहेरच्या गायतोंडे. समाज रोग्यांस दूर लोटीत असतां त्यांनीं १९९३ सालीं वडिलांच्या नांवें संस्था काढून त्यांस आश्रय दिला.

इकडे शास्त्रज्ञ या विषाणूची घडण उकलीत होते. बाधित पेशीच्या पटलास आंतून ‘गॅग’ नामक लांब प्रथिनाचे हजारों रेणू येऊन चिकटतात; तेथें फुगवटा येतो व तो सुटून बाहेर पडतो. हा विषाणू अजून कच्चाच असतो. मग प्रोटिएझ नामक विकर कात्रीप्रमाणें त्या प्रथिनाचे तुकडे करतें आणि त्यांतील एका जातीचे सुमारें १,५०० तुकडे आपसांत जुळून शंकूच्या आकाराचा गाभा बांधतात. त्यांतील बहुतेक कडीं सहा तुकड्यांचीं, पण पांचांचीं नेमकीं १२. केवळ षट्कोनांनीं कवच सर्व बाजूंनीं मिटत नाहीं, हें अठराव्या शतकांतील ऑयलरच्या गणितावरून निघतें. फुटबॉलच्या परिचित चेंडूवरहि काळे पंचकोन १२च असतात.

१९९५ सालीं त्या कात्रीस अडविणारें पहिलें औषध अमेरिकेंत मान्य झालें. त्यानें विषाणू निपजले तरी कच्चेच राहतात. २००४ सालापासून आपल्या सरकारानें एड्सवरील औषधें विनामूल्य देण्यास आरंभ केला. २०२२ सालीं मान्य झालेलें लेनाकॅपाव्हिर तर गाभ्याच्या प्रथिनासच बिलगून त्याची घडण बिघडवितें.

रोग्यास पापी ठरविणाऱ्या समाजाच्या तिरस्कारानें एकहि विषाणू अडला नाहीं. अशा संकटांत तुकड्याशीं तुकडा कसा जुळतो हें निमूटपणें पाहत बसणाऱ्याचा उद्योग निरुपयोगी समजूं नये, असें आम्हांस वाटतें.