मावशीचं माहेर

गेल्या गणपतीत रहाटणीच्या आमच्या सोसायटीत एक शेजारी बायकोची साडी नेसून ‘टांग टिंग टिंगा’वर नाचला. गडी चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला. मिशी काढणार नाही, एवढी एकच अट. पदर पिनांनी जखडलेला होता, पण पहिल्याच गिरकीत निऱ्या सुटल्या. त्या एका मुठीत गच्च धरून त्याने नाच पुरा केला. पुढच्या खुर्चीतल्या आजी डोळे पुसत म्हणाल्या, “अगदी मावशी गं बाई!” कोणाची मावशी, हे कोणी विचारलं नाही.

‘टांग टिंग टिंगा’ ज्या ‘मोरूची मावशी’ नाटकातलं, त्यातली मावशी मूळची इंग्लंडची. ब्रँडन थॉमसचा ‘चार्लीज आंट’ हा फार्स 29 फेब्रुवारी 1892 रोजी बरी सेंट एडमंड्स या गावात पहिल्यांदा झाला. (वाढदिवस चार वर्षांनी एकदा, हे फार्सला शोभतंच.) डिसेंबरात तो लंडनला गेला आणि 1466 प्रयोग करूनच थांबला. ऑक्सफर्डच्या दोन पोरांना मुलींना जेवायला बोलवायचंय, पण घरात कोणी वडीलधारी बाई हवी. ब्राझीलहून येणारी चार्लीची श्रीमंत आंट वेळेवर पोचत नाही, म्हणून मित्राला झगा घालून बसवतात. मग पैशावर डोळा ठेवून एक म्हातारा तिच्या मागे लागतो, आंट मधूनच सिगार ओढते, आणि त्यात खरी आंटही दारात हजर!

1893 साली हा फार्स न्यूयॉर्कला पोचला. आचार्य अत्र्यांच्या हातून मराठीत यायला मात्र 1947 उजाडलं. ‘हॅम्लेट’ आगरकरांनी 1883 सालीच ‘विकारविलसित’ करून आणला होता. मग या हलक्याफुलक्या बाईलाच एवढा उशीर का?

मला विचाराल तर आपल्याकडे या विनोदाला जागाच नव्हती. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व हे संगीत नाटकांतले नट लुगडं नेसून रंगमंचावर आली की प्रेक्षक हसत नसत, जीव टाकत. बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घराघरांतल्या बायका करायच्या. अशा प्रेक्षकापुढे ‘बघा, बाप्या बाई झालाय’ म्हटलं तर तो म्हणणार, मग त्यात काय? 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. बायका स्वतः उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे साडीतला पुरुष हसण्याजोगा झाला. गंमत म्हणजे आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त मावशी रंगवली ती बापूराव माने यांनी, ‘बालमोहन’ नाटक मंडळीच्या नाटकांत नायिका होऊन आलेला हा नट!

आणि ‘आंट’ची मावशीच का? काकू, आत्या, मामी, तिघी तयार होत्या. पण आत्या पडली बापाच्या बाजूची, तिचा धाक असतो. मावशी म्हणजे लाड. माझा कौल मात्र तमाशाला. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींबरोबर एक मावशी असतेच. ती असते पुरुष, डोक्यावरून पदर घेतलेली, कृष्णाशी हुज्जत घालणारी. संगीत नाटकवाले नायिकेवर जीव टाकत असताना, गावच्या जत्रेत या मावशीला लोक पोट धरून हसत होते. अत्र्यांचा जन्म सासवडजवळच्या कोढीतचा. झग्यातली आंट पाहून मावशी सुचायला त्यांना कोश उघडावा लागला नसेल.

1985 साली ‘सुयोग’ या नाट्यसंस्थेने हे नाटक पुन्हा काढलं, दिग्दर्शन दिलीप कोल्हटकरांचं. विजय चव्हाण मावशी झाले आणि पुढची कित्येक वर्षं मावशीच राहिले. आमच्या आजींच्या डोळ्यांपुढे तीच मावशी. पिंपरीच्या संत तुकारामनगरातल्या नाट्यगृहाला तर अत्र्यांचंच नाव आहे; रहाटणीहून फार लांब नाही.

शेजाऱ्याला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा मिळाला. साडीचा फॉल वीतभर उसवला होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच ती घेऊन शिवणाच्या दुकानात गेला, तर दुकानदारीण म्हणाली, “वहिनींना सांगा, चालताना जरा हळू.”