उपजत प्रतिकारशक्ती आणि रोगोपचार : एका दीर्घ उपेक्षेचा इतिहास

रोगप्रतिकारशक्तीचे दोन प्रकार मानले जातात. उपजत प्रतिकारशक्ती जंतूशी पूर्वपरिचय नसतानाही काही तासांतच कार्यास लागते. संपादित प्रतिकारशक्ती विशिष्ट जंतूची ओळख पटल्यावर काही दिवसांनी सिद्ध होते, पण ती ओळख दीर्घकाळ जपते. प्राणिसृष्टीत पहिली अतिप्राचीन होय. तिच्या पेशींचे कार्यही प्रतिपिंडांच्या आधीच दृष्टीस पडले होते. असे असूनही तिच्या ज्ञानातून नवे उपचार शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न सुरू होण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. या विलंबाचे कारण शास्त्रीय होते तितकेच व्यावहारिकही होते.

इ. स. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह याने ताराम‌ाशाच्या पारदर्शक डिंभांत गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला त्याला आढळला. डिंभास रक्तवाहिन्या नसतात. तरीही पेशी जखमेकडे धावल्या होत्या. यावरून दाह ही केवळ विकृती नसून शरीराचे संरक्षणकार्य आहे, असा सिद्धान्त त्याने मांडला. पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवितात, असे त्या काळी अनेक विकृतिशास्त्रज्ञांचे मत होते. त्याच पेशी जंतूंना गिळून पचवितात, हे मेचनिकॉव्हचे प्रतिपादन त्यांना सहजासहजी पटले नाही.

हा वाद चालू असतानाच १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्प यांवरील प्रतिविषाचा शोध जाहीर केला. मेचनिकॉव्ह ज्या पाश्चर संस्थेत काम करीत होता, तेथीलच एमिल रू याने १८९४ मध्ये घोड्याचे रक्तजल टोचून पॅरिसमधील घटसर्पग्रस्त बालकांचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणल्याचे दाखविले. रक्तजल बाटलीत भरता येत होते, त्याचे सामर्थ्य मोजता येत होते. भक्षकपेशींच्या सिद्धान्तापाशी असे कोणतेही औषध नव्हते. मेचनिकॉव्हचा ओडेसा येथील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हाही लसीकडेच वळला. प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत त्याने तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी त्याने प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह व रक्तजलपक्षाचा एर्लिख यांना विभागून मिळाले; परंतु पुढील कित्येक दशके प्रतिकारशास्त्र मुख्यतः प्रतिपिंडांचेच शास्त्र राहिले.

या शास्त्राच्या नित्य व्यवहारातच एक कोडे दडलेले होते. शुद्ध प्रथिन टोचले असता प्राणी सहसा पुरेसा प्रतिसाद देत नाही. त्यात मृत जंतू वा तत्सम सहायक द्रव्य मिसळावे लागते. १९८९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स जेनवे याने याची मीमांसा केली. जंतूंमध्ये सर्वसाधारणपणे आढळणारे घटक ओळखणारे उपजत ग्राही शरीरात असले पाहिजेत, आणि त्यांनी इशारा दिल्यावाचून संपादित शक्ती जागी होत नाही, असे त्याने सुचविले. १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन व त्याचे सहकारी यांना ‘टोल’ जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात असे आढळले. पुढच्याच वर्षी मेद्झितोव्ह व जेनवे यांनी मानवातील सदृश ग्राहीचे वर्णन केले.

१९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर याच्या प्रयोगशाळेने या संशोधनास निर्णायक वळण दिले. उंदरांची एक जात जंतूंच्या अंतर्विषाची मोठी मात्राही सहन करीत असे. मात्र काही सजीव जंतूंच्या अल्प संसर्गानेही ती बळी पडे. या दोन्ही गुणांचे मूळ एकाच टोल-सदृश ग्राहीच्या बिघाडात निघाले. जो ग्राही अंतर्विषाने प्राण घेतो, तोच जंतूंपासून प्राण वाचवितो, हे यावरून सिद्ध झाले. हॉफमन व ब्यूटलर हे २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले.

उपचारांचा पुढील इतिहास याच दुहेरी स्वभावाची साक्ष देतो. हा ग्राही रोखणारे एरिटोरान हे औषध तीव्र जंतुदोषाच्या सुमारे दोन हजार रुग्णांवर तपासण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. याउलट, उपजत शक्तीस मर्यादित प्रमाणात चेतविण्याचा मार्ग लसींत फलदायी ठरला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनविलेल्या, आणि जानेवारी २०२१ मध्ये भारतात आपत्कालीन वापराची अनुमती मिळालेल्या कोव्हॅक्सिनमध्ये असे ग्राही-उत्तेजक सहायक द्रव्य आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत दाहशामक डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनावरील कोविडरुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही.

दाह संरक्षक आहे, हे मेचनिकॉव्हचे म्हणणे खरे ठरले; तो घातक आहे, हा त्याच्या विरोधकांचा अनुभवही खोटा नव्हता. म्हणून उपजत शक्ती कोणत्या रुग्णात, रोगाच्या कोणत्या अवस्थेत चेतवावी आणि केव्हा आवरावी, हे ठरविणे हेच या संशोधनापुढील खरे कार्य होय.