रत्नागिरीत तीनदा आलेला बौद्ध धर्म

ॲटलासमध्ये जगातल्या धर्मांचा एक नकाशा हमखास असतो. प्रत्येक धर्माला एक रंग आणि काही बाण. बौद्ध धर्माचा बाण मगधातून श्रीलंकेकडे, हिंदू धर्माचा जावा-बाली-कंबोडियाकडे, इस्लामचा अरबस्तानातून चारी दिशांना. या नकाशाबद्दल माझी तक्रार एकच आहे. धर्म कुठे पोचला ते तो सांगतो, पण कशामुळे रुजला ते सांगत नाही. हा फरक समजून घ्यायला आमचा रत्नागिरी जिल्हा पुरेसा आहे. इथे बौद्ध धर्म तीन वेळा, तीन वेगळ्या वाटांनी आला.

पहिली वाट व्यापाराची. वाशिष्ठीची खाडी दाभोळला समुद्राला मिळते. खाडीने आत चिपळूणला यावं, कुंभार्ली घाट चढावा, की पुढे कऱ्हाड. कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि खाली दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठी, पन्हाळेकाजीची. पन्हाळेकाजीत २९ लेणी आहेत. सुरुवातीची लेणी तिसऱ्या शतकाच्या सुमारास हीनयान भिक्षूंसाठी खोदली गेली. दहाव्या-अकराव्या शतकात तिथे वज्रयानी आले. शिलाहारांच्या काळात गणपती आणि शिव आले, आणि चौदाव्या शतकापर्यंत नाथपंथी सिद्धांच्या मूर्ती कोरल्या गेल्या. एकाच कातळात हजार वर्षं माणसं खोदत राहिली. दैवतं तेवढी बदलली.

इथला बौद्ध धर्म का संपला, याचं एकच एक उत्तर नाही. पण मला एक कारण महत्त्वाचं वाटतं. विहार दानावर चालतो आणि भिक्षूला घरदार नसतं. दान आटलं की विहार ओस पडतो. याच किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम आला, तेव्हा घडलं ते वेगळं. व्यापाऱ्यांनी इथे लग्नं केली, घरं बांधली. कोकणी मुसलमान समाज त्यातून उभा राहिला आणि तो इथलीच बोली बोलतो. धर्म लेण्यात राहिला तर त्याचा इतिहास होतो. चुलीपर्यंत पोचला तर तो टिकतो.

दुसरी वाट सक्तीची. १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकलं आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केलं. १८८६मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याचे वडील मिंडॉन यांनी संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं होतं आणि १८७१मध्ये मंडालेत बौद्ध धर्मसंगीती भरवली होती. अशा घराण्यातला राजा रत्नागिरीत तीस वर्षं राहिला. १९१०मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला. १९१६मध्ये तो इथेच वारला. आज राजवाडा आहे, त्याची समाधी आहे. पण त्याच्या मुक्कामातून इथे बौद्ध समाज काही उभा राहिला नाही. राजा होता, पण प्रजा नव्हती. धर्म नजरकैदेत आला आणि कंपाउंडच्या आतच राहिला.

तिसरी वाट निर्णयाची. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली आणि मग आपल्या लाखो अनुयायांना स्वतः दिली. त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचे. तिथल्या राजाकडून जे झालं नाही, त्यात तिथल्या एका भिक्षूचा हात लागला. १९५१च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. १९६१मध्ये ते जवळपास २८ लाख झाले. या वेळी ना जहाजं होती, ना राजाश्रय. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्यांनी माणूस म्हणून जगण्यासाठी हा धर्म निवडला. कोकणातल्या वाड्यावाड्यांवर बुद्धविहार झाले, आणि लग्नंही बौद्ध पद्धतीने लागू लागली.

म्हणजे तो चुलीपर्यंत पोचला.

ॲटलासच्या नकाशावर या तिन्ही आगमनांना जागा नाही. जिल्हा बहुसंख्याकांच्या एकाच रंगात रंगवलेला असतो. माझ्या मते धर्माचा भूगोल वाचताना बाण कुठून निघाला एवढंच बघून भागत नाही. तो जिथे टेकला, तिथल्या माणसांना त्याची गरज काय होती, हे विचारावं लागतं.