'द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी'मधील शिक्षा व तिचे परिणाम

प्रस्तावना :
इ.स. १६०३ मध्ये पहिला जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. लंडनकडे येताना नेवार्क येथे त्याने एका खिसेकापूला खटला न चालविताच फाशी देण्याचा हुकूम दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विंचेस्टर येथे राजद्रोहाबद्दल मृत्युदंड ठोठावलेल्या मार्कहॅम, ग्रे व कोभम यांना मात्र वधमंचावर आणून ऐनवेळी जीवदान दिले. शिक्षा आणि माफी या दोन्ही गोष्टी राजेच्छेवर अवलंबून होत्या. १६०७ मध्ये लेखकाच्या नावाविना छापलेल्या, पूर्वी सिरिल टर्नर यांचे मानलेल्या व आता बहुतेक अभ्यासक थॉमस मिडलटन यांचे मानत असलेल्या या नाटकाचा विचार याच पार्श्वभूमीवर करावा लागतो.

विवेचन :
नाटकात डचेसचा धाकटा मुलगा अँटोनिओच्या पत्नीवर बलात्कार करतो. न्यायाधीश मृत्युदंड उच्चारणार तोच ड्यूक निकाल पुढे ढकलतो. पीडितेने मात्र विष घेऊन आपले जीवन संपविलेले असते. कायदा थांबतो तेथेच सूडाची शपथ घेतली जाते. पुढे सावत्र भाऊ लुसुरिओझो याचा काटा काढण्यासाठी धाकट्याचे सख्खे भाऊ ड्यूकची अंगठी घेऊन तुरुंगात जातात. लुसुरिओझो आधीच सुटलेला असल्याने त्या हुकुमावर धाकट्याचाच शिरच्छेद होतो. अपराध्याला दंड मिळतो खरा, पण तो अपराधाबद्दल नव्हे! शिक्षेचा गुन्ह्याशी असलेला संबंधच येथे तुटलेला दिसतो.

नायक विंडिची हा आपल्या वाग्दत्त वधूला विष देणाऱ्या ड्यूकला तिच्याच विषलिप्त कवटीच्या साहाय्याने मारतो. शेवटी तो अँटोनिओपुढे फुशारकीने कबुली देतो. अँटोनिओ त्याला व त्याच्या भावाला तत्काळ मृत्युदंड देतो. जुन्या ड्यूकचे मारेकरी उद्या आपल्यावरही उलटतील, हे त्याचे कारण. येथेही खटला नाहीच.

निष्कर्ष :
ज्याला न्याय नाकारला गेला तोच सत्ताधीश होतो आणि त्याची पहिली शिक्षा स्वसंरक्षणासाठी असते. सत्ताधीश बदलला तरी दंडाची रीत बदलत नाही. नाटकानंतर घडलेल्या ओव्हरबरी हत्याप्रकरणात (१६१३) हाताखालच्यांना १६१५ मध्ये फाशी झाली; दोषी ठरलेले सॉमरसेटचे अर्ल व त्याची पत्नी मात्र १६२२ मध्ये कैदेतून सुटले. नाटककाराने दाखविलेले वैगुण्य केवळ रंगमंचापुरते नव्हते, हेच यावरून स्पष्ट होते.