मसूदी चौलला ‘हजर’ होता

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्यावर दहाव्या शतकात उत्तर कोकणच्या शिलाहारांची सत्ता होती. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत शिलाहारकालीन शिलालेख आहेत. पण ते मुख्यतः दानाची नोंद करतात. बंदरांतली माणसे भेटतात ती अरबी ग्रंथांत. आणि त्या ग्रंथांवर विश्वास किती ठेवायचा, हे बरेचदा एका भूतकाळी क्रियापदावर ठरते.

‘मी नगर पाहिले’, ‘त्याने नगर पाहिले’: मराठीत क्रियापद बदलत नाही, ते नगरामागे जाते. अरबीत कर्ता क्रियापदाच्या अंत्य प्रत्ययातच असतो. ‘रआ’ म्हणजे त्याने पाहिले, ‘रऐतु’ म्हणजे मी पाहिले. ‘काला’ म्हणजे तो म्हणाला. ‘कीला’ म्हणजे असे म्हटले गेले. कोणी, ते विचारायचे नाही!

बगदादचा अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये (इ.स. ९१६-१७) सैमूरला, म्हणजे चौलला होता. ती उपस्थिती तो ‘हदर्तु’ या क्रियापदाने नोंदवतो: मी हजर होतो. मराठीतले हजर, हजेरी, हुजूर हे शब्द याच अरबी धातूचे, फारसीच्या वाटेने आलेले. राजाचे नाव तो ‘जांज’ देतो. हा शिलाहार झंझ. मुसलमान वस्ती सुमारे १०,०००. त्यांत सीराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक आणि इथेच जन्मलेले ‘बयासिरा’. त्यांच्या प्रमुखाचे पद ‘हुनरमन’. आकडा अंदाजाचाच, पण अंदाज करणारा त्या गावात उभा होता.

बुजुर्ग इब्न शहरियारच्या नावावरील ‘अजाइब अल-हिंद’मध्येही सैमूर आणि तिथला हुनरमन येतात. तिथले क्रियापद मात्र ‘हद्दसनी’: त्याने मला सांगितले. सांगणारे बहुतेक खलाशी. समुद्रातले अजस्र प्राणीही त्याच क्रियापदाच्या आधाराने अवतरतात, हे ध्यानात घेतलेले बरे.

गुंता लिपीचाही आहे. जुन्या हस्तलिखितांत स्वरचिन्हे बहुधा नसतात. ‘हदर्तु’ची चार अक्षरे ‘हदरत’, म्हणजे ती हजर होती, अशीही वाचता येतात. ‘हजरत’ हा शब्दही त्याच अक्षरांत लिहितात. ‘जकरा’ (त्याने उल्लेख केला) आणि ‘जुकिरा’ (उल्लेख झाला) यांत तर केवळ स्वरांचा फरक. साक्षीदार की वदंता, हे संदर्भावरून संपादकाला ठरवावे लागते.

‘अरब प्रवासी सांगतात’ असे अनेकवचनी लिहिले की हे सारे पुसले जाते. चौलचे १०,००० हे एका माणसाचे, एका वर्षाचे विधान आहे.