लैंगिक आकर्षणाचे वर्गीकरण

माणसाला कोणाविषयी लैंगिक ओढ वाटते, यावरून गट पाडून त्यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धती. लैंगिकशास्त्र, मानसोपचार आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांत ती घडत गेली.

आरंभ जर्मन भाषेत झाला, आणि तोही दवाखान्यात नव्हे. कार्ल उलरिक्स या कायदेपंडिताने १८६०च्या दशकात पुरुषांविषयी ओढ वाटणाऱ्या पुरुषासाठी ‘उर्निंग’ ही संज्ञा रूढ करू पाहिली. कार्ल-मारिया केर्टबेनी या लेखकाने १८६९ मध्ये प्रशियाच्या दंडविधानाविरुद्ध काढलेल्या निनावी पत्रकांत ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द छापला. पुढे क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाने ‘सायकोपाथिया सेक्शुआलिस’ (१८८६) या ग्रंथात रुग्णांच्या हकिगतींसह विकृतींची वर्गवारी मांडली. शिक्षेतून सुटका व्हावी म्हणून घडवलेली संज्ञा अशी रोगांच्या यादीत जाऊन बसली.

मराठीत या विषयावरचा वाद थेट न्यायालयात गेला. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–५३) मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उघड उत्तरे दिली जात. हस्तमैथुन व समलिंगी संबंधांविषयीच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. विकृत प्रश्न छापायचेच कशाला, या आक्षेपाला त्यांनी लैंगिकशास्त्रज्ञ हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन उत्तर दिले. समलिंगी ओढ हा निसर्गातलाच एक प्रकार आहे, असे त्या संशोधनाचे म्हणणे होते. न्यायालयाला ते पटले नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. शास्त्रीय संज्ञेचा आधार घेऊन भारतीय न्यायालयात केलेला इतका धीट युक्तिवाद त्या काळात क्वचितच सापडेल.

आल्फ्रेड किन्से मूळचे कीटकांचे अभ्यासक. लैंगिक वर्तनावरच्या १९४८च्या अहवालात त्यांनी खणाखणांची पद्धत मोडून शून्य ते सहा अशी श्रेणी दिली. शून्य म्हणजे फक्त भिन्नलिंगी अनुभव, सहा म्हणजे फक्त समलिंगी. अधले आकडे मिश्र अनुभवांचे. मुलाखतीत लोक जे सांगत त्यावरून अंक ठरे, त्याला निदानाचा दर्जा नव्हता. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. मधल्या काळात स्वतःच्या ओढीचा स्वतःलाच त्रास होणे, असे एक निदान अमेरिकी यादीत मागील दाराने आले आणि १९८७ मध्ये गेले. २०१३ पासून तीच यादी ‘पॅराफिलिया’ म्हणजे वेगळी आवड आणि ‘पॅराफिलिक विकार’ असा भेद करते. स्वतःला क्लेश किंवा दुसऱ्याला इजा, अथवा तिचा धोका, असेल तरच विकार. ही कसोटी उशिरा आली, पण योग्य आली.

मराठी वाचकाने एक सांभाळावे: ‘उभयलिंगी’ हा शब्द वनस्पतिशास्त्रात फुलासाठी, शरीरशास्त्रात देहरचनेसाठी आणि लैंगिक कलासाठीही वापरला जातो, संदर्भ पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये.

भारतात नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्याच कमिशनच्या ऑगस्ट २०२४च्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात स्त्रियांमधील समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’खाली छापले गेले. टीका झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो अभ्यासक्रम मागे घेण्यात आला.