भावी कमाईक्षमतेची भरपाई (मोटार अपघात)

अपघातातील अपंगत्वामुळे बुडणाऱ्या पुढील कमाईचा मोबदला. दावा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली चालतो. बीडचा ऊसतोड मजूर कारखाना भागात जखमी झाला तरी राहत्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात दावा दाखल करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालानुसार वैद्यकीय टक्केवारीपेक्षा कामावरील परिणाम निर्णायक ठरतो. पाय गमावलेल्या तोडणीवाल्याचे नुकसान कारकुनाहून मोठे. पगारपत्रक नसते, आगाऊ उचल जोडप्याला मिळून एक ‘कोयता’ धरून मिळते, म्हणून एकट्याचे उत्पन्न ठरवणे हीच खरी अडचण. समजा, वय ३२, मासिक उत्पन्न १२,००० रुपये, कार्यात्मक अपंगत्व ६० टक्के: भावी वाढीचे ४० टक्के धरून वर्षाला २,०१,६०० रुपये, त्याचे ६० टक्के गुणिले वयानुसारचा गुणक १६, म्हणजे १९,३५,३६० रुपये. उपचारखर्च व वेदनांची भरपाई वेगळी.